‘वॉर्म’शी जुळतं काय?

माझी भाची आठवीत शिकते. घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर इंग्रजीत आठ ओळींची कविता लिहून आणा, असं त्यांना वर्गात सांगितलं होतं. तिनं आजीची वाकळ निवडली. माझ्या आईनं जुनी लुगडी आणि सुती साड्या एकावर एक अंथरून, हातानं धावदोरा घालून शिवलेली ती वाकळ आमच्या घरात अजून थंडीत भांडून पांघरली जाते. रविवारी दुपारी पोरीचा फोन आला. “मावशी, ‘वॉर्म’ला यमक सांग ना. मी ‘फार्म’ घातलंय. कागदावर छान जुळतं, पण मोठ्यानं वाचलं की कुठंतरी ठेच लागते.”

ठेच तिला अगदी बरोबर जागी लागली होती. ‘वॉर्म’ आणि ‘फार्म’ या दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगचा शेवट ए-आर-एम असाच आहे. तरी एकात ‘ऑ’ आहे आणि दुसऱ्यात ‘आ’. आपल्याला हे पटकन उमगत नाही, कारण मराठीनं आपल्याला फार चांगली सवय लावून ठेवली आहे. ‘गरम’ला नरम, शरम, परम, चरम. जे डोळ्यांना जुळतं ते कानालाही जुळतं. इंग्रजीत डोळा आणि कान दोन वेगळ्या साक्षी देतात, आणि यमकाच्या खटल्यात साक्ष फक्त कानाची धरायची असते.

मग इंग्रजीत यमक जुळलं असं म्हणायचं तरी कधी? शब्द मोठ्यानं म्हणा. त्यात ज्या अक्षरावर आवाजाचा जोर पडतो, त्यातला स्वर पकडा. त्या स्वरापासून शब्दाच्या शेवटापर्यंत सगळे आवाज दोन्ही शब्दांत सारखे हवेत, आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं हवं. ‘वॉर्म’मधला ‘व’ बाजूला काढला की ‘ऑर्म’ उरतं. ‘स्टॉर्म’मधला ‘स्ट’ काढला की तेच उरतं. जुळलं. ‘फार्म’मधून ‘फ’ काढला की ‘आर्म’ उरतं. नाही जुळलं. व्यंजन वेगळं हवं ही अट लोक विसरतात. ‘वॉर्म’ला ‘ल्यूकवॉर्म’ जोडलं तर तो शब्द स्वतःशीच जुळवल्यासारखा होतो, कानाला काही नवं मिळत नाही.

या मापानं ‘वॉर्म’ची पूर्ण यमकं मोजायला बसलं तर यादी लवकर संपते. स्टॉर्म म्हणजे वादळ, फॉर्म म्हणजे आकार, स्वॉर्म म्हणजे मधमाश्यांचा थवा, नॉर्म म्हणजे रूढ रीत, डॉर्म म्हणजे वसतिगृह. मग इन्फॉर्म, परफॉर्म, रिफॉर्म, कन्फॉर्म, ट्रान्सफॉर्म. नीट पाहिलं तर एक ‘परफॉर्म’ सोडून ही दुसरी रांग सगळी एकट्या ‘फॉर्म’ची लेकरं आहेत. लॅटिनमधल्या ‘फॉर्मा’ शब्दाला वेगवेगळे उपसर्ग लागले आणि घर भरल्यासारखं दिसू लागलं. प्रत्यक्षात निवडायला शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘वॉर्म’वरून झालेल्या ‘वॉर्म्थ’ या नामाला तर रोजच्या वापरातला एकही पूर्ण जोड नाही.

इंग्रजी कवितेचं हे जुनंच दुखणं आहे. आपल्याकडे क्रियापदाला ‘ला, ली, ले’ लागतं, नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, त्यामुळे शेकडो शब्दांचे शेवट आपोआप सारखे होतात. ‘जे का रंजले गांजले’ म्हटलं की ‘आपुले’ चालत येतं. इंग्रजीनं आपले जुने प्रत्यय शतकांच्या ओघात झिजवून टाकले. शब्द उघडे राहिले आणि प्रत्येकाचा शेवट आपापला. म्हणून इंग्रजीत यमक हुडकावं लागतं, आणि पूर्ण यमक मिळालं नाही तर जवळचं चालवून घ्यावं लागतं. जवळच्या यमकाला तिकडे ‘निअर ऱ्हाइम’ किंवा ‘स्लँट ऱ्हाइम’ म्हणतात. त्याच्याकडे मी येतेच, कारण मला खरी गंमत तिथंच वाटते.

त्याआधी एक युक्ती, जी मी भाचीला फोनवरच सांगितली. इंग्रजी कवितेतले ओळींच्या शेवटचे शब्द वहीच्या समासात देवनागरीत लिहायचे. वॉर्म, स्टॉर्म, फार्म, हार्म. इंग्रजी स्पेलिंग जे झाकून ठेवतं ते देवनागरी उघडं करते. ‘हर्ड’ आणि ‘बर्ड’ इंग्रजीत लिहिले तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटणार नाही. देवनागरीत ते सख्खे भाऊ दिसतात. इंग्रजी शब्दांसाठीच आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हं रूढ केली, ती इथं फार उपयोगी पडतात.

युक्तीला एक मर्यादा आहे. देवनागरी जोर दाखवत नाही. ‘वॉर्म’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ आपल्या लिपीत छान जुळतात, पण इंग्रज माणूस ‘प्लॅट’वर जोर देतो आणि ‘फॉर्म’ हलकं सोडून देतो. त्याच्या कानाला हे यमक अर्धवट वाटतं. ‘परफॉर्म’मध्ये जोर शेवटावर आहे, म्हणून ते घट्ट बसतं. मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांना जवळपास सारखाच मान देतो, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम ऐकून शिकावी लागते.

आता भाचीचा पुढचा प्रश्न. “पण मग लिहितात कशाला ए? सरळ ओ लिहायचा ना!” रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ओठांत दडलेलं आहे.

आरशासमोर उभं राहून इंग्रजी पद्धतीनं ‘वी’ म्हणा, ‘वुई’ म्हटल्यासारखं. डब्ल्यूचा उच्चार करताना ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होऊन पुढे येतात. आता त्याच्या मागोमाग ‘आ’ म्हणायचा आहे, ज्यासाठी तोंड उघडून ओठ सैल सोडायला हवेत. बोलण्याच्या भरात ओठ तेवढे लगेच सैल होत नाहीत. गोलाई थोडी मागे रेंगाळते, आणि त्या गोल ओठांतून निघालेला ‘आ’ हा ‘ऑ’च्या दिशेनं झुकतो. पिढ्यान्‌पिढ्या हे होत राहिलं आणि सतराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत डब्ल्यूनंतरचा ‘आ’ बहुतेक ठिकाणी ‘ऑ’ होऊन बसला. वॉर, वॉच, वॉश, वॉन्ट, वॉटर, स्वॉन, हे सगळे शब्द स्पेलिंगमध्ये ए बाळगून आहेत. ‘क्वॉलिटी’ आणि ‘क्वॉर्टर’मध्येही क्यू-यूच्या पोटात हाच डब्ल्यूचा आवाज आहे, म्हणून तिथंही तेच झालं. फक्त पुढं क किंवा ग चा आवाज असला तर बदल अडला. ‘वॅक्स’ आणि ‘वॅग’ तसेच राहिले. स्पेलिंग मात्र तोवर छापखान्यांनी बरंचसं पक्कं करून टाकलं होतं. आवाज पुढं गेला, अक्षर मागं राहिलं.

आपला मराठी ‘व’ तसा नाही. आपला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, ओठ गोल होत नाहीत. त्यामुळे ‘आ’ला ढकलणारी शक्तीच आपल्या तोंडात नाही. म्हणून तर आपल्याकडे वारंट, वार्ड, क्वार्टर, वार्म-अप असं सर्रास ऐकू येतं. अक्षर वाचून शब्द उचलला की असंच होणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. पण यमक जुळवताना इंग्रजीत नेमकं काय ऐकू येतं ते माहीत हवं.

याचा एक सुंदर पुरावा शेक्सपिअरकडे मिळतो. त्याची सॉनेट १६०९ मध्ये छापली गेली. त्यातल्या अगदी शेवटच्या, १५४व्या सॉनेटमध्ये ‘वॉर्म्ड’ हा शब्द ‘डिसार्म्ड’शी यमकात बसवलेला आहे. आज मोठ्यानं वाचलं तर ते जुळत नाही. शेक्सपिअरला कान नव्हता असं तर कुणी म्हणणार नाही. त्याच्या काळी दोन्ही शब्दांत ‘आ’च्या जवळचा स्वर होता आणि यमक पूर्ण होतं. म्हणजे माझ्या भाचीनं वहीत लिहिलेलं ‘वॉर्म’ आणि ‘फार्म’ चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये निर्धास्त चाललं असतं. मी हे तिला सांगितलं तेव्हा पलीकडून खुशीचा चीत्कार आला. इंग्रजीच्या चुलत बहिणी तर अजून तशाच आहेत. जर्मनमध्ये उबदारला ‘वार्म’ म्हणतात आणि गरीबला ‘आर्म’, आणि हे दोन शब्द आजही नीट जुळतात.

कधीकाळी पूर्ण असलेलं आणि आता फक्त कागदावर उरलेलं, किंवा मुळातच फक्त दिसायला सारखं असलेलं, अशा यमकाला इंग्रजीत ‘आय ऱ्हाइम’ म्हणतात. डोळ्यांचं यमक. कविता मोठ्यानं म्हणायची असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्ल्यूची करामत इथंच थांबत नाही. ‘वॉर्म’मध्ये ए चा ‘ऑ’ झाला, तर डब्ल्यू-ओ-आर-एम या किड्याच्या शब्दात ओ आहे म्हणून ‘ऑ’ येईल अशी आपली अपेक्षा. पण तिथं आवाज आणखी एक पाऊल सरकलेला आहे. उच्चार ‘वर्म’. वर्ड, वर्क, वर्ल्ड, वर्स, सगळीकडे तेच. म्हणजे ‘स्टॉर्म’सारखा दिसणारा ‘वर्म’ हा ‘टर्म’ आणि ‘फर्म’शी जुळतो, आणि ‘फार्म’सारखा दिसणारा ‘वॉर्म’ हा ‘स्टॉर्म’शी. स्पेलिंग बघून यमक जुळवणाऱ्याच्या वर्मावर बोट ठेवणारी ही जोडी आहे. ती एकदा ध्यानात राहिली की माणूस पुन्हा डोळ्यांवर विसंबत नाही.

आता जवळच्या यमकांकडे. पूर्ण यमकाची यादी तोकडी असल्यानं भाचीला ‘स्टॉर्म’ सोडून काही सुचेना, आणि वाकळीच्या कवितेत तिला वादळ आणायचं नव्हतं. “मग जवळचं काहीतरी चालेल, पण जवळचं म्हणजे किती जवळचं?” असं तिनं विचारलं. हे अंतर मोजण्याचं साधन आपण पहिलीत पाठ केलेलं असतं. आपली वर्णमाला.

क-ख-ग-घ-ङ, प-फ-ब-भ-म असे वर्ग आपण ओळीनं लिहितो. एका आडव्या ओळीतले आवाज तोंडात एकाच जागी तयार होतात. प, फ, ब, भ, म हे सगळे दोन ओठ मिटून. आणि उभ्या रांगेतले आवाज एकाच रीतीनं तयार होतात. ङ, ञ, ण, न, म ही शेवटची उभी रांग नाकातून हवा सोडणाऱ्यांची. ‘वॉर्म’चा शेवट ‘म’नं होतो. त्याचे शेजारी दोन बाजूंनी शोधायचे.

उभ्या रांगेत शेजारी आहे ‘न’. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वर टेकतं, पण दोन्ही वेळा हवा नाकातूनच गुणगुणत जाते. ओळीच्या शेवटी आवाज हलका होत जातो तेव्हा हा फरक जवळजवळ विरघळतो. म्हणून बॉर्न, टॉर्न, कॉर्न, हॉर्न, थॉर्न, वॉर्न हे ‘वॉर्म’चे सगळ्यात जवळचे नातलग. इंग्रजी गाण्यांमध्ये म आणि न यांची जोडी सतत भेटते आणि ऐकणाऱ्याला खटकतही नाही.

आडव्या ओळीत शेजारी आहेत प आणि ब. इथं हवा नाकातून जात नाही, पण ओठ तसेच मिटतात. म्हणून ‘ऑर्ब’, ‘ॲब्झॉर्ब’ आणि ‘वॉर्प’. यातला वॉर्प मला फार आवडतो, कारण तो हातमागावरचा शब्द आहे. वॉर्प म्हणजे ताणा, मागावर उभे ताणलेले धागे. हे शेजारी ‘न’पेक्षा थोडे लांबचे वाटतात. नाकातली गुणगुण तुटली की कानाला लगेच कळतं. त्याहून लांब गेलात, ‘सॉर्ट’ किंवा ‘फोर्स’कडे, तर हाती फक्त स्वराचं साम्य उरतं. रॅपर तेवढ्यावर ओळीच्या ओळी रचतात, पण त्यांच्याकडे ठेका असतो. आठ ओळींच्या शांत कवितेला एवढं अंतर झेपत नाही.

दुसरा रस्ता उलटा. शेवटची व्यंजनं तशीच ठेवायची आणि स्वर बदलायचा. आर्म, हार्म, चार्म, फर्म, टर्म, वर्म. इथं ‘र्म’ कायम आहे, पोटातला स्वर हलला. हे यमक पहिल्या रस्त्यासारखं गोड लागत नाही. तार किंचित उतरल्यासारखी वाटते, आणि कवीला तसंच हवं असेल तर याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यानं हेच केलं. तो शब्दाचं सुरुवातीचं आणि शेवटचं व्यंजन दोन्ही सारखं ठेवून फक्त मधला स्वर बदलायचा. युद्धातल्या मृत्यूवरच्या एका कवितेत त्यानं ‘हॉल’ला ‘हेल’ जोडलं, दालनाला नरक. कान पूर्ण यमकाची वाट पाहतो आणि ते येत नाही. त्या कवितेत काहीच जागेवर राहिलेलं नाही, यमकही नाही. युद्ध संपायला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो मारला गेला. ‘वॉर्म’ आणि ‘वर्म’ ही जोडी अगदी त्याच्या जातीची आहे, उबेच्या शेजारी कीड. वाकळीच्या कवितेत ती मी स्वप्नातही सुचवली नसती. पण कुणी थंड पडत चाललेल्या घरावर लिहीत असेल, तर तिच्याकडे जरूर पाहावं.

पूर्ण आणि जवळचं यमक शेजारी शेजारी पाहायचं असेल तर एमिली डिकिन्सनची एक बारा ओळींची कविता पुरेशी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट गावी ती १८३० ते १८८६ या काळात राहिली. कवितेत आशा हा पक्षी आहे, जिवाच्या फांदीवर बसून गाणारा. पहिल्या कडव्यात ‘सोल’ आणि ‘ऑल’ असा जोड आहे. ल सारखा, स्वर वेगळा, म्हणजे जवळचं यमक. दुसऱ्या कडव्यात ‘हर्ड’ला ‘बर्ड’ आणि ‘स्टॉर्म’ला ‘वॉर्म’. इतक्या जणांना ऊब देणाऱ्या त्या चिमुकल्या पाखराला खजील करायचं तर वादळ फारच जहाल असावं लागेल, असा तिथला भाव. पहिलं कडवं किंचित सैल, आणि नेमकं वादळ येतं तिथं यमक घट्ट होतं. पाखरू फांदी पकडून बसतं, तशी ओळही बसते.

त्यात आणखी एक बारीक कौशल्य आहे. ‘स्टॉर्म’ आधी येतो आणि ‘वॉर्म’ नंतर. यमकातला जो शब्द शोधून आणलेला असतो तो पहिल्या ओळीत ठेवावा आणि जो मनापासून म्हणायचा असतो तो दुसऱ्या ओळीत. मग वाचणाऱ्याला दुसरा शब्द आपसूक आल्यासारखा वाटतो. उलटं केलं तर जोड चिकटवलेला दिसतो. भाचीच्या पहिल्या खर्ड्यात ‘वॉर्म’ आधी होता आणि त्याच्यासाठी ‘फार्म’ ओढून आणलेलं. तिला जी ठेच लागली ती निम्मी या क्रमाचीही होती.

डिकिन्सनच्या जवळच्या यमकांना तिच्या पश्चात थोडं सोसावं लागलं. १८९० मध्ये तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांनी काही ठिकाणी शब्द बदलून यमकं नीटनेटकी केली होती. त्या काळी जवळचं यमक म्हणजे कच्चं काम समजलं जाई. तिची मूळ रचना लोकांपर्यंत पोचायला पुढं कित्येक दशकं गेली. म्हणून जवळचं यमक म्हणजे आळशाचं यमक असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

यमकं शोधायला कोश आहेत, आणि त्यांचीही गोष्ट याच धाग्यात बसते. जॉन वॉकर या इंग्रज कोशकारानं १७७५ मध्ये एक यमककोश काढला. त्यानं शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावले. एम, मग आर, मग ए. त्यामुळे त्याच्या पानावर ‘वॉर्म’, ‘फार्म’ आणि ‘हार्म’ एका कुटुंबात, आणि ‘स्टॉर्म’ व ‘वर्म’ दुसऱ्या कुटुंबात. डोळ्यांच्या हिशेबानं चोख, कानाच्या हिशेबानं घोळ. वॉकर उच्चारांचा जाणकार होता, त्यामुळे पूर्ण यमकं कुठली आणि कवींनी चालवून घेतलेली कुठली, याची वेगळी सूचीही त्यानं जोडली.

आज संगणक हे काम उच्चारावरून करतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं १,३४,००० हून अधिक शब्दांचा एक उच्चारकोश सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. त्यात प्रत्येक शब्द आवाजांच्या खुणांमध्ये लिहिलेला असतो. ‘वॉर्म’मध्ये डब्ल्यू, मग एओ१, मग आर, एम. एओ ही ‘ऑ’ची खूण आणि शेजारचा १ म्हणजे पूर्ण जोर. ‘स्टॉर्म’मध्येही एओ१, आर, एम. ‘फार्म’मध्ये मात्र एए१, म्हणजे ‘आ’. ‘प्लॅटफॉर्म’च्या शेवटी एओ आहे पण पुढे आकडा २, म्हणजे जोर दुय्यम. यंत्रानं फक्त जोराच्या स्वरापासून पुढचा तुकडा जुळवून पाहायचा. आपण समासात देवनागरी लिहून जे करतो तेच, वर जोराची खूण अधिक.

हा कोश अमेरिकी उच्चारांचा आहे, हे विसरू नये. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये ‘वॉर्म’मधला र बहुतेकजण स्पष्ट म्हणतात. लंडनकडच्या प्रमाण उच्चारात तो गळतो आणि शब्द ‘वॉऽम’ असा लांबतो. तिथं यादीत दोन नवे पाहुणे येतात. एक ‘हॉऽम’, म्हणजे बटाट्याचा किंवा वाटाण्याचा वेल-पाला. दुसरा ‘शॉऽम’, म्हणजे मध्ययुगातलं एक फुंकवाद्य. शॉमला आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्ती असते. लंडनमध्ये ‘वॉर्म’ आणि ‘शॉम’ पूर्ण यमक, एडिंबरामध्ये नाही. आपण मराठी माणसं र सोडत नाही, तेव्हा आपला कान या बाबतीत स्कॉटलंडच्या बाजूचा. कविता कुणाच्या तोंडून म्हटली जाणार, हे ठरवून मगच असा जोड निवडावा. स्कॉटलंडचं नाव निघालंच आहे तर सांगते, ‘पर्पल’ म्हणजे जांभळा या विशेषणाला यमक नाही असं सगळे म्हणतात, पण रॉबर्ट बर्न्सनं १७८७ मध्ये स्कॉट बोलीतला ‘कर्पल’ त्याला जोडून दाखवला. कर्पल म्हणजे घोड्याचा पुठ्ठा, किंवा माणसाचा पार्श्वभाग. आपल्या बोलीत पाहिलं की असं काहीतरी सापडतं.

तर वाकळीकडे परत. मी भाचीला जोड सांगितला नाही. देवनागरीत यादी लिहून काढ आणि प्रत्येक शब्दासमोर वाकळीचं काय आहे ते लिही, एवढंच म्हटलं. फॉर्म, काही नाही. थॉर्न, काही नाही. कॉर्न, काही नाही. टॉर्नपाशी ती थबकली. टॉर्न म्हणजे फाटलेलं, आणि वाकळ तर फाटक्या लुगड्यांचीच. मग यादीतला पुढचा शब्द आला. वॉर्न. वापरून वापरून झिजलेलं. “मावशी, लुगडी फाटली नव्हती गं, झिजली होती. आजी म्हणते फाटकं आत घालत नाहीत, टाका धरत नाही.”

वॉर्न आणि वॉर्म. सुरुवातीचा व सारखा, ऑ सारखा, र सारखा, फक्त शेवटी न चा म. पूर्ण यमकाची व्याख्या काटेकोर लावली तर हा जोड दोनदा नापास होतो, कारण आधीचं व्यंजन वेगळं नाही आणि शेवटचं सारखं नाही. तरीही त्या कवितेसाठी ‘स्टॉर्म’पेक्षा तो शंभर पटीनं चांगला आहे. झिजलेलं ते उबदार झालं, एवढीच त्या वाकळीची कथा, आणि ती या दोन शब्दांच्या मधल्या एका व्यंजनात मावते. तिनं ‘वॉर्न’ पहिल्या ओळीच्या शेवटी ठेवला आणि ‘वॉर्म’ दुसऱ्या.

संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावून आजीला कविता वाचून दाखवली. आईला इंग्रजी येत नाही. ती मन लावून ऐकत होती, आणि त्या दोन ओळी झाल्यावर म्हणाली, “दोनदा एकच शब्द का म्हणतीस गं?”

“एकच नाही आजी, बघ माझ्या तोंडाकडे.” पोरगी फोन जवळ घेऊन सावकाश म्हणाली, “वॉर्न.” जीभ वर टेकलेली. “वॉर्म.” ओठ मिटलेले.

आईनंही म्हणून पाहिलं. दोन्ही शब्द, दोन-तीनदा. मग मांडीवरची वाकळ उलटी करून आतला पोपटी काठ शोधला आणि भाचीला दाखवत म्हणाली, “हे पहिलं. वॉर्न.”